जन्मतारीख नसलेल्या कणाचं आयुष्य

(वाशिम जिल्ह्यातल्या बचत गटांसाठी कम्युनिटी रेडिओवरून दिलेलं भाषण)



या कार्यक्रमात आपण कधी अंतर्गत कर्जावर बोलतो, कधी शेळीपालनावर, कधी पोरींच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवर. आजचा विषय जरा निराळा आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणाचं आयुष्य कॉलेजची पोरं-पोरी कसं मोजतात, ते आज आम्ही सांगणार आहोत. हा विषय आमच्याकडे गटाच्या बैठकीतूनच आला. कसा आला, तेही सांगतो.

आधी एक करा. हातातलं काम बाजूला ठेवा आणि प्रसाद घेतो तसा तळहात आडवा धरा. आता सावकाश मोजा. एक, दोन, तीन, चार. एवढ्या वेळात चार-पाच कण तुमच्या तळहातातून आरपार गेले. दुखलं नाही, चटका बसला नाही. घरावरच्या टिनातून आणि स्लॅबमधूनही ते असेच पार होतात. आपल्या आजी-पणजीच्या अंगातूनही ते असेच जात होते. या कणाचं नाव म्युऑन.

हा येतो कुठून? अंतराळातून पृथ्वीवर सारखा बारीक कणांचा मारा होत असतो. त्याला विश्वकिरण म्हणतात. हे कण आपल्या डोक्यावर साधारण 15 किलोमीटर उंचीवर हवेला धडकतात. त्या धडकेतून दुसरे कण तयार होतात, ते लगेच मोडतात आणि त्यांतून म्युऑन जन्माला येतो. विजेच्या तारेतून जो इलेक्ट्रॉन वाहतो, त्याचाच हा भाऊबंद आहे, पण त्याच्यापेक्षा 207 पट जड. इलेक्ट्रॉन टिकून राहतो. म्युऑन टिकत नाही. त्याचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद.

मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग लागतो असं धरलं, तरी तेवढ्यात म्युऑनची चाळीस हजारांहून जास्त आयुष्यं एकामागोमाग संपतील.

आता गटातली गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी एम. एस्सी.ला आहे, विषय भौतिकशास्त्र. वसतिगृहाचे पैसे भरायला ताईंनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. गटात नेहमीचा प्रश्न आला, कशासाठी? ताई म्हणाल्या, शिक्षणासाठी. दुसरीनं विचारलं, पोरगी शिकते काय? ताईंनी घरी ऐकलं होतं तेच सांगितलं, "ते कणाचं वय मोजते म्हणे." बैठकीत हशा झाला. एक आजी म्हणाल्या, "माय, जे दिसत नाही त्याचं वय मोजून पोट भरते काय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. गटाचा पैसा घामाचा असतो. शेळीसाठी कर्ज घेतलं तर शेळी दिसते. म्हणून आम्ही ठरवलं की मुलगी सुट्टीत आली की तिलाच बैठकीत बोलवायचं. ती आली, तासभर बोलली. आज आम्ही जे सांगतोय, त्यातलं बरंचसं तिनं गटाला समजावलेलं आहे. बाकीचं आम्ही नंतर वाचून, विचारून घेतलं.

तिच्या प्रयोगाचं सामान फार मोठं नाही. एका विशिष्ट प्लास्टिकचा जाड ठोकळा असतो, त्याला सिंटिलेटर म्हणतात. त्यातून असा कण गेला की ते प्लास्टिक क्षणभर चमकतं. चमक इतकी मंद की आपल्याला दिसणारच नाही. म्हणून ठोकळ्याला एक काचेची नळी जोडतात, फोटोमल्टिप्लायर नावाची. ती मंद उजेडाचं विजेच्या ठोक्यात रूपांतर करते. बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून सगळं काळ्या कागदात आणि काळ्या टेपमध्ये गच्च गुंडाळतात. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी मोजणी बिघडते.

बहुतेक म्युऑन ठोकळ्यातून सरळ निघून जातात. त्यांची एकच चमक. पण एखादा कमी जोराचा म्युऑन आतच अडकतो. तो आत शिरला की पहिली चमक. थोड्या वेळानं तो मोडतो, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तेव्हा दुसरी चमक. मृगाच्या आधी बांधावर काजवा दोनदा चमकावा, तसं. पहिल्या चमकेला घड्याळ सुरू, दुसऱ्या चमकेला बंद. मधला वेळ संगणक लिहून घेतो. ठरलेल्या वेळेत दुसरी चमक आलीच नाही, तर ती नोंद सोडून द्यायची आणि पुढच्याची वाट पाहायची.

लहान डब्याएवढ्या ठोकळ्यात असा अडकून मोडणारा म्युऑन मिनिटाला जेमतेम एखादा मिळतो. म्हणून यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं. दिवसाला हजारभर नोंदी, आठवड्याला काही हजार.

एवढं ऐकल्यावर त्याच आजींनी दुसरा प्रश्न विचारला. तो इतका नेमका होता की मुलगीसुद्धा क्षणभर गप्प झाली. आजी म्हणाल्या, "तो जन्मला वर आभाळात. तुह्या डब्यात आला तेव्हा त्याचं किती वय झालं होतं, ते तुले माहीत नाही. मग घड्याळ तिथून सुरू करून कसं चालंल?"

ताईंनो, आपल्यापैकी कितीजणींच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी आहे? बऱ्याचजणींच्या. कारण खरी तारीख कुणी लिहूनच ठेवली नव्हती. ज्यांची जन्मतारीख नाही, त्यांचं वय सांगता येत नाही, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मग म्युऑनचं कसं जमतं?

त्याचं उत्तर मुलीनं चिंचोक्यांनी दिलं. तुम्हीही पुढच्या बैठकीत हे करून बघा. चिंचोके भाजून फोडा. एका अंगाला काळे, दुसऱ्या अंगाला पांढरे अशा शंभर फोडी घ्या. सुपात घालून हलवा आणि चटईवर टाका. पांढरं अंग वर आलेल्या फोडी म्हणजे मोडलेले म्युऑन. त्या बाजूला काढा. उरलेल्या मोजा, वहीत लिहा, परत टाका. शंभराचे पन्नासच्या आसपास उरतील, मग पंचवीस, मग बारा-तेरा, मग सहा. अगदी तेवढेच येणार नाहीत. कधी 54, कधी 47. पण उतार तसाच राहील.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पाच वेळा टाकूनही टिकलेली एक फोड हातात घ्या. ती थकली आहे का? झिजली आहे का? सहाव्या वेळी ती पांढरी पडायची शक्यता पहिल्या वेळेइतकीच आहे. आधी किती वेळा टाकली, याची तिला आठवण नाही. म्युऑन तसाच असतो. त्याला म्हातारपण येत नाही. आत्ताच जन्मलेला म्युऑन आणि दहा मायक्रोसेकंद टिकून राहिलेला म्युऑन, दोघांची पुढच्या क्षणी मोडण्याची शक्यता सारखीच. म्हणून तो डब्यात अडकला तिथून घड्याळ सुरू केलं तरी उत्तर बदलत नाही.

आपलं तसं नाही. आपण विम्याचा अर्ज भरतो. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत 18 ते 50 वयातच नाव घालता येतं, कारण माणसाचं वय वाढतं तशी जोखीम वाढते. म्युऑनचा विमा काढायची वेळ आली, तर त्याला कुणी वय विचारणार नाही. हे ऐकून आजी हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे त्याले गुडघेदुखी नाही."

मग प्रत्येक म्युऑन 2.2 मायक्रोसेकंदच जगतो का? नाही. निम्मे तर दीड मायक्रोसेकंदातच मोडतात. थोडे खूप जास्त टिकतात आणि सरासरी वर ओढतात. दहा मायक्रोसेकंदांनंतर शंभरातला एखादाच उरलेला असतो. म्हणजे एका म्युऑनकडे बघून काहीच कळत नाही. हजारोंची नोंद केली की त्यातून एक आकडा निघतो, आणि जगात कुठेही मोजला तरी तो तोच असतो.

नोंद हा तर आपलाच विषय. त्या मुलीनं तिची वही दाखवली, तेव्हा गटाच्या सचिव ताईंना ती लगेच ओळखीची वाटली. तिच्यात तीन गोष्टी होत्या.

पहिली, किती मोजलं की भरवसा ठेवायचा? 100 नोंदी झाल्या, तर उत्तर शेकडा 10 इकडे-तिकडे होऊ शकतं. 10,000 नोंदी झाल्या, तर शेकडा 1. म्हणजे दहापट नेमकं हवं असेल तर शंभरपट मोजावं लागतं. स्वित्झर्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी लाख कोटींहून जास्त म्युऑन मोजले. तेव्हा कुठे त्यांना दहा लाखांत एक भाग इतकं नेमकं उत्तर मिळालं.

दुसरी, बारदाना वजा करणं. कधी कधी दोन वेगळेच म्युऑन योगायोगानं पाठोपाठ येतात आणि यंत्राला वाटतं की एकच अडकून मोडला. अशा खोट्या जोड्या सगळ्या वेळांत सारख्याच पसरलेल्या असतात. आता पंधरा-वीस मायक्रोसेकंदांपर्यंत खरा म्युऑन जवळजवळ उरतच नाही. तरी तिथे ज्या नोंदी दिसतात, त्या म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. बाजार समितीत सोयाबीनच्या कट्ट्यातून बारदाना वजा करतात, तसं ते सगळीकडून वजा करायचं. मगच खरं वजन कळतं.

तिसरी, आलं तेच लिहिणं. पुस्तकात 2.2 आहे. विद्यार्थ्यांचं उत्तर बऱ्याचदा थोडं कमी, 2.1 च्या आसपास येतं. मोह होतो की पुस्तकातला आकडाच लिहावा. पण कमी येण्याला कारण आहे. काही म्युऑन ऋण भाराचे असतात. त्यांतले काही प्लास्टिकमधल्या कार्बनच्या अणूत ओढले जातात आणि स्वतःहून मोडायच्या आधीच अणुकेंद्र त्यांना गिळून टाकतं. म्हणून सरासरी थोडी घटते. ज्यानं पुस्तकातला आकडा उतरवला, त्याला हे कधी कळणारच नाही. गटाच्या रोकडवहीत दहा रुपये कमी आले, तर आकडा जुळवून लिहायचा नाही, कारण शोधायचं. दशसूत्रीत आपण हेच शिकतो ना?

आता एक कोडं. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. म्युऑन जवळजवळ त्याच वेगानं धावतो. तरी 2.2 मायक्रोसेकंदांत तो साधारण 660 मीटरच जाणार. म्हणजे गावच्या वेशीपासून शाळेपर्यंत. मग 15 किलोमीटर वरून तो तुमच्या तळहातापर्यंत आलाच कसा? साध्या हिशेबानं हजार कोटींतला एखादाच खाली पोचला पाहिजे.

उत्तर असं की फार वेगानं धावणाऱ्याचं घड्याळ आपल्या मानानं सावकाश चालतं. आईनस्टाईन यांनी हे 1905 साली कागदावर मांडलं होतं. म्युऑनसाठी हा वेळ कितीतरी पट ताणला जातो, म्हणून तो जमिनीपर्यंत टिकतो. वेगानं येणारा असा कण म्हणजे आईनस्टाईन यांचं म्हणणं तपासायचं घड्याळच आहे. हे 1938 साली ज्यांनी लिहिलं, ते होते आपल्या मुंबईचे होमी भाभा. तेव्हा ते इंग्लंडमध्ये केंब्रिजला होते. पुढे ते भारतात परतले आणि 1945 साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. मुंबईत कुलाब्याला असलेल्या या संस्थेत विश्वकिरणांवरचं काम सुरुवातीपासून चालत आलं आहे.

याच संस्थेत 1949 साली संशोधनासाठी रुजू झालेली पहिली बाई म्हणजे बिभा चौधरी. त्यांचं नाव आपल्या पोरींना माहीत असायला हवं. 1913 साली कोलकात्यात जन्म. 1936 साली कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. मग देवेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंच डोंगरांवर फोटोच्या काचा महिनोन्‌महिने ठेवल्या. विश्वकिरणांतले कण त्या काचांवर बारीक रेघा सोडत. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेघ मोजून त्यांनी या नव्या कणाचं वजन काढलं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. चांगल्या प्रतीच्या काचा भारतात मिळेनात, म्हणून काम थांबलं. पुढे इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांनी चांगल्या काचा वापरून हीच पद्धत पुढे नेली आणि त्यांना 1950 सालचं नोबेल मिळालं.

बिभाताई नंतर कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगांतही होत्या. खाणीत यासाठी जायचं की खडकाच्या खोल थरांतून जाताना बाकीचे कण गाळले जातात, फक्त म्युऑनसारखे चिवट कण खालपर्यंत पोचतात. 1991 साली त्या वारल्या. हयातीत त्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. 2019 साली आकाशातल्या एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं.

"पोट भरते काय" हा आजींचा प्रश्न मात्र आम्ही विसरलेलो नाही. त्याचं सरळ उत्तर असं की म्युऑनचं आयुष्य मोजून कुणाची चूल पेटत नाही. पण मोजायला शिकलेली माणसं पुढे काय करतात, ते बघा. तामिळनाडूत उटी इथे टाटा संस्थेचा ग्रेप्स-3 नावाचा प्रयोग चालतो. तिथे आकाशातून येणारे म्युऑन सतत मोजतात. 1 डिसेंबर 2014 ला एक मोठा गडगडाटी ढग वरून गेला आणि म्युऑनची संख्या थोडी घटली. त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी ढगातला विजेचा दाब काढला. तो निघाला 130 कोटी व्होल्ट. हा निकाल 2019 साली जाहीर झाला. ढगात शिडी लावून कुणी गेलं नाही. खाली बसून कण मोजले.

विजेची भीती काय असते, ते शेतात निंदायला जाणाऱ्या बाईला सांगायला नको. म्हणून जाता जाता कामाचं सांगतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं मोबाईल ॲप केलं आहे. आपल्या भागात वीज पडायचा धोका असेल, तर ते आधी सूचना देतं. ते ग्रेप्सच्या प्रयोगातून आलेलं नाही, ते वेगळं काम आहे. पण तेही आभाळाकडे बघून मोजणाऱ्यांचंच. गटात एकीच्या तरी फोनवर ते असू द्या.

आणखी एक. म्युऑन दगडातून पार जातात, पण जाड दगडात थोडे अडतात. हे मोजून 2017 साली जपानच्या आणि फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये एक पोकळी शोधली. एक दगडही हलवावा लागला नाही.

आता त्या कर्जाचं. गटानं चर्चा केली आणि ठराव लिहून कर्ज मंजूर केलं. हप्ते ताई भरतात, मजुरीतून भरतात, वेळेवर भरतात. मुलीचं शेवटचं वर्ष बाकी आहे. घरी स्थळं येतात, नातेवाईक विचारतात, अजून किती शिकवणार? पुढे काय होईल, हे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. पण गटात आता तिच्या शिक्षणाला कुणी हसत नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्या आजी तिला भेटल्यावर विचारतात, "किती झाले मोजून?"

दहावी-बारावीचे निकाल लागले आहेत. घराघरांत एकच बोलणं आहे की पोरीला कुठे टाकायचं. "सायन्स पोरीला झेपत नाही", "बी. ए. केलं म्हणजे घरीही राहते" हे आपण ऐकतोच. आम्ही स्वतः बी. ए. आहोत, त्यात कमीपणा नाही. पण पोरीला गणित-विज्ञान आवडत असेल, तर तिला विचारल्याशिवाय ठरवू नका. शाळेत विज्ञान ज्योती योजनेची चौकशी करा. नववी ते बारावीच्या मुलींसाठी ती केंद्र सरकारची योजना आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा संस्थेत उन्हाळ्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांसोबत काम करायला बोलावतात, त्यासाठी अर्ज करता येतो.

आणि फार लांबही बघायला नको. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, जिथे आपण नागनाथाच्या दर्शनाला जातो त्या औंढ्याजवळ, लायगो-इंडिया नावाची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र अंतराळातून येणाऱ्या अतिसूक्ष्म लहरी टिपणार आहे. केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये त्याला मंजुरी दिली. तिथे मोजायला, यंत्रं सांभाळायला माणसं लागतील. ती सगळी दिल्ली-मुंबईहूनच यावीत असं थोडंच आहे?

तर ताईंनो, पुढच्या बैठकीला शंभर चिंचोक्याच्या फोडी घेऊन या. बचत आणि परतफेड आटोपली की पोरींना बोलवा, सूप त्यांच्या हातात द्या आणि आकडे त्यांनाच लिहू द्या. किती फेकींत किती उरले, ते कागदावर लिहून आमच्याकडे पाठवा. सगळ्या गटांचे आकडे आम्ही एकत्र करू आणि याच कार्यक्रमात वाचून दाखवू. एका गटाच्या शंभर फोडींपेक्षा शंभर गटांच्या दहा हजार फोडी जास्त नेमकं सांगतील, हे आता तुम्हाला ठाऊक आहेच.